टाकीची चावी

व्यंकटरावाच्या नावेचं इंजन सकाळी गार असायचं तोवर गुणाचं असायचं. एका हॅन्डलात चालू. दुपारी ऊन चढलं, दोन खेपा झाल्या, की त्याच्या अंगात यायचं. पलीकडच्या थडीला नाव लावायची, माणसं उतरवायची, दुसरी घ्यायची, एवढ्यात दहा-पंधरा मिनिटं जायची. मग हॅन्डल मारून मारून चंद्रभानचे खांदे निखळायची वेळ आली तरी ते नुसतं खोकायचं. अर्ध्या तासानं, त्याला सगळ्यांच्या शिव्या खाऊ घालून झाल्यावर, पहिल्याच हॅन्डलला सुरू व्हायचं.

अठ्ठ्याहत्तर सालचा आषाढ. गोदावरीला आमच्या डोहसांगवीत गंगाच म्हणतात. गंगा दोन्ही थड्या भरून चालली होती आणि वर आठ दिवसांची उघडीप, ऊन भाद्रपदासारखं. त्या पाण्यात बांबूनं नाव रेटणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून व्यंकटरावानं भंगारातल्या जीपचं इंजन आणून नावेच्या मधोमध बसवलं होतं, वर लाकडी खोकं ठोकलं होतं आणि दर अमावस्येला त्या खोक्यावर हळद-कुंकू वाहून नारळ फोडत होता. नाव त्याची, हाकणारा चंद्रभान. चंद्रभानचं स्वतःचं दोन एकर थडीचं रान होतं, पण राहतं घर व्यंकटरावाच्या जागेत. त्याला मुठीत ठेवायला तेवढं एक कलम पुरेसं होतं.

त्या दिवशी पालमचा बाजार होता. पलीकडच्या टाकळीची माणसं नावेत बसली, कोंबड्या-बकऱ्या चढल्या, आणि इंजन रुसलं. व्यंकटराव टाकळीच्या शिवारातली आपली बारा एकर जमीन बघून परतत होता. तोही नावेतच. वीस-पंचवीस हॅन्डलं झाल्यावर तो उठला आणि त्यानं चंद्रभानच्या कानाखाली अशी ठेवून दिली की त्याचं पागोटं पाण्यात गेलं.

"भडव्या, तुला हाकायला ठिवलंय का आमाला उन्हात वाळवायला?"

पागोटं गरगरत चाललं होतं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आम्ही पुरुष उघडच हसलो. चंद्रभान गालाला हात न लावता पुन्हा हॅन्डल घालू लागला.

नावेच्या पार टोकाला, बकऱ्यांच्या पलीकडं, सिताराम बसला होता. टाकळीच्या बौद्धवाड्यातला. पूर्णेला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. अंगात खाकी सदरा. तो म्हणाला, "मालक, त्याचा काय कसूर न्हाई. नळीत वाफ अडकलीय."

"तुला लय कळतंय?"

"रोजचंच काम हाय. म्या बगू का?"

व्यंकटरावानं त्याच्याकडं पाहिलं, मग खोक्यावरच्या कुंकवाकडं. "हात लावायचा न्हाई. तितूनच तोंडानं सांग. चंद्र्या करंल."

मग सितारामनं टोकाला बसूनच सांगितलं आणि चंद्रभाननं केलं. "चंदरभान भाऊ, तांब्याची नळी बगा. सायलेन्सरच्या अंगाला घासून आलीय. पेट्रोल म्हंजी पाणी न्हाई, जरा ऊब लागली की उकळतंय. इंजन चालू असतंय तवर ते वाहतंय, उकळायला सवड न्हाई. बंद केलं की जागच्या जागी उकळून वाफ व्हतंय. पंप वाफच ओढतंय, कार्बेटरला थेंब जाईना. आता कार्बेटरपाशी नट हाय, त्यो ढिला करा. तोंड बाजूला धरा."

चंद्रभाननं पान्हा लावला. फुस्स करून वाफ आली, त्याचं बोट पोळलं.

"आता फडकं भिजवून नळीवर टाका. हां. पेट्रोल आलं? नट आवळा. मारा."

एका हॅन्डलात इंजन चालू झालं. नावेतली पोरंसोरं ओरडली.

"चंद्र्या," व्यंकटराव खूश होऊन म्हणाला, "हुशार निघालास की रं!"

सिताराम बकऱ्यांच्या पलीकडं होता तिथंच बसून होता. त्याला कोणी काही म्हणालं नाही.

व्यंकटरावानं चंद्रभानला हुकूम सोडला, तीन दिवसांत हे दुखणं कायमचं बरं कर. एरवी दोरखंडाला पैसे मागितले तर तोंड फिरवणाऱ्या माणसानं नवी नळी आणायला लगेच माणूस पालमला पाठवला. चंद्रभानला वाटलं, आपल्या हुशारीची किंमत झाली. आम्हालाही तसंच वाटलं.

ते तीन दिवस सितारामची सुट्टी होती. नाव टाकळीच्या थडीला बांधून दोघं काम करायचे. म्हणजे चंद्रभान नावेत आणि सिताराम कमरेएवढ्या पाण्यात उभा, नावेच्या काठाला हात न लावता. नळी इंजनाच्या दुसऱ्या अंगानं फिरवून आणली. नळी आणि सायलेन्सरच्या मधे पत्रा उभा केला. खोक्याला भोकं पाडली. नळीला फडकं गुंडाळायचं ठरलं, आणि दर खेपेला त्यावर ओंजळभर पाणी.

"ध्येनात ठिवा," सिताराम म्हणाला, "थेंब पोचला तर इंजन जित्तं, न्हाई पोचला तर मेलं. वाफ आडवी येऊ द्या, न्हाई तर टाकीची चावी बंद करा, दोन्ही एकच. ही चावी बगा. एवढुशी हाय, पण फिरवली की दोन मिन्टात कसलं बी इंजन गप."

बौद्धवाड्यातलं पहिलंच घर सितारामचं, थडीवरून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. त्याची आई सगुणाबाई दारातच बसून असायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून चार वर्षं तिला चालता येत नव्हतं, तोंड मात्र चालत होतं. दुपारी तिनं भाकरी आणि पाण्याचा तांब्या सुनेच्या हातून पाठवला. चंद्रभान म्हणाला, तहान नाही. आणि मग सगळ्यांदेखत गंगेत वाकून घटाघटा पाणी प्याला.

म्हातारी दारातून ओरडली, "आमचं पानी नगो, आन आमची अक्कल चालती व्हय रं, चंदरभान?"

सिताराम हसला. चंद्रभानही हसला, पण कान तापले होते. हे त्यानंच मला पुढं कैक वर्षांनी सांगितलं.

फडकं सरजाबाईनं दिलं, चंद्रभानच्या बायकोनं. आपल्या हिरव्या लुगड्याचा धड असलेला पदर तिनं टर्रकन फाडला. "नवऱ्याला चारचौघांत थप्पड बसण्यापरीस लुगडं फाटलेलं बरं," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी व्यंकटरावानं थडीवर इंजनाची परीक्षा घेतली. निम्मं गाव गोळा झालं होतं. भर उन्हात दोन खेपा करून इंजन बंद केलं, घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबला, आणि म्हणाला, मार. एका हॅन्डलात चालू. असं तीनदा.

"पंधरा माणसं घिऊन जायचं. लगोलग माघारी येऊन आणखी पंधरा न्यायची. तितं घटकाभर थांबायचं, मंग समद्यांला आणायचं. दगा दिईल?"

"न्हाई मालक."

"नक्की?"

"दिला तर माझी मान कापा." चंद्रभाननं छातीला हात लावला. एवढ्या लोकांत ताठ उभं राहायची त्याच्या जन्मातली ही पहिलीच वेळ असावी. कुठं न्यायची माणसं, कशाला न्यायची, हे त्यानं विचारलं नाही.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी सरजाबाई आडावरून घेऊन आली. घागर उतरवायच्याही आधी बोलली.

"अवो, इंजन कशापायी नीट करून घेतलं, ठावं हाय का?"

"कशापायी?"

"विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झालाय म्हनं. रेडूवर आलंय. गावोगाव बौद्धवाडे पेटवायलेत. व्यंकटरावानं काल रॉकेलचे चार डबे आणलेत. टाकळीचा वाडा जाळायचाय त्याला. ते लोक औंदा त्याच्या रानात फुकट राबंनात, त्याचा राग हाय. इतके दिस का गेला न्हाई? तितं इंजन बंद पडलं तर अर्धा तास अडकून पडायचं, म्हणून. आता तुमी नीट करून दिलंय."

चंद्रभान खाली बसला. चुलीवर चहा उतू गेला तरी दोघांनी पाहिलं नाही.

"बिघडलं म्हणून सांगा," ती म्हणाली.

"काल गावादेखत मान कापा म्हनलोय."

"मंग सितारामला सांगावा धाडा."

"कोण नेईल? नाव माझ्याच हातात हाय. म्या सकाळच्या पारी एकटा नाव काढली तर समद्यांला दिसंल."

"दिसू द्या."

"आन घरातून भाहीर काढलं तर? लेकरं घिऊन कुटं जायचं, सरजे?"

 तिनं घागर उतरवली आणि ओली चुंबळ भिंतीवर आपटली.

दुपार कलल्यावर, टाकळीचे गडी रानात गेलेले असताना, पहिले पंधरा जण नावेत बसले. कुऱ्हाडी, काठ्या, दोन डबे. व्यंकटराव खोक्यावरच बसला, हळद-कुंकवावर. इंजन सकाळपासून बंद, गारेगार. एका हॅन्डलात चालू झालं.

टाकीची चावी चंद्रभानच्या उजव्या पायाच्या अंगठ्यापाशी होती. त्यानं मला तो पाय दाखवून सांगितलं, "हितं व्हती. हितं." मधल्या धारेला गेल्यावर त्याचा अंगठा चावीवर गेला. तिथं इंजन बंद पडतं तर नाव वाहत चार कोस खाली गेली असती, आणि त्या दिवशी वाडा जळाला नसता. पण चावी व्यंकटरावालाही कळत होती. वाकून एकदा पाहिलं असतं तर चंद्रभानचं प्रेत गंगेत गेलं असतं. तशी भाषा नावेत चाललीच होती. दत्तराव म्हणून त्याचा शेजारी होता, तो कुऱ्हाडीच्या धारेवरून बोट फिरवत हसून म्हणाला, "चंदर, इंजन काय गातंय रं!" चंद्रभाननं अंगठा मागं घेतला.

पंधरा उतरवले. लगेच माघारी आला, दुसरे पंधरा घेतले. सरजाबाईच्या पदरानं इंजनाला खोकूही दिलं नाही.

नंतर चंद्रभान नावेत एकटा उरला, व्यंकटरावानं तिथंच थांब म्हणून सांगितलं होतं. पहिलंच घर सितारामचं. आधी त्याच्या कौलांवर दगड पडले. मग दार तोडलं. सितारामची बायको पोरांना घेऊन मागच्या अंगानं ज्वारीत पळाली. सगुणाबाई दारातच बसली होती, जशी रोज बसायची. कोणीतरी तिच्या पाठीत काठी घातली तेव्हा ती आडवी झाली आणि शिव्या देऊ लागली, एकेकाच्या बापाचं नाव घेऊन, कारण तिला सगळ्यांचे बाप माहीत होते. दत्तरावानं तिच्या लुगड्यावर आणि उंबऱ्यावर डबा उपडा केला.

चंद्रभाननं ते पाहिलं. आग आधी भुरकन वर गेली, मग वासे धरले. म्हातारी हातांवर रेटत अंगणात आली, पण पाय मागं पेटत आले. तिचा आवाज थडीपर्यंत येत होता. त्यात शिव्या नव्हत्या आता.

मग त्यानं इंजन चालू केलं. नाव खुंटीला बांधलेली होती तशीच ठेवून ते भरधाव पळवलं. नळीवरचा हिरवा पदर ओढून काढला आणि कमरेला खोचला. पत्रा उपटून गंगेत फेकला. तापलेली तांब्याची नळी नुसत्या हातानं वाकवून सायलेन्सरला चिकटवली, तेव्हा तळहाताची कातडी नळीवर राहिली. खोक्याच्या भोकांत पोती कोंबली. माणसं परतताना दिसली तसं इंजन बंद केलं आणि झाकण लावून वर बसला.

धावतच आले ते. मागून, रानाच्या अंगानं, टाकळीच्या गड्यांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. तीस जण एकदमच नावेत चढायला लागले.

"मार!" व्यंकटराव म्हणाला.

चंद्रभाननं हॅन्डल मारलं. इंजन खोकलं. पुन्हा मारलं.

"आरं मार की!"

"तापलंय, मालक. वाफ अडकलीय."

"काल तर मान कापा म्हनत व्हतास!"

"व्हय. कापा."

व्यंकटरावानं झाकण उपटलं, आधी चावी पाहिली. चावी उघडी होती. नळीकडं पाहिलं, पण त्यातलं त्याला काय कळणार? कळणारा माणूस त्यानंच त्या बाजारच्या दिवशी बकऱ्यांपलीकडं बसवून ठेवला होता. मग त्यानं हॅन्डल उपसलं आणि चंद्रभानच्या बरगडीत घातलं. दत्तरावानं लाथ घातली. पाच-सहा जण तुटून पडले. चंद्रभान नावेच्या तळाशी साठलेल्या पाण्यात पालथा पडला होता. त्याचा उजवा हात फळीवर होता, तो दत्तरावानं पायाखाली धरून ठेवला.

"चालू करतो का न्हाई?"

"हुईना, मालक."

हॅन्डल बोटांवर आलं. एकदा, मग आणखी एकदा. चार बोटं फुटली. तो ओरडला, पण हुईना याच्यापलीकडं शब्द काढला नाही.

शेवटी व्यंकटराव स्वतः हॅन्डल मारायला लागला. रागावलेल्या माणसानं हॅन्डल मारू नये. तो अंगठा दांडीला वेढून, मूठ आवळून मारत होता. इंजन एकदाच खोकलं आणि हॅन्डल उलटं फिरलं. मनगटाचं हाड कातडीतून बाहेर आलं. तो मटकन बसला आणि लहान पोरासारखा आईला हाका मारू लागला.

आरोळ्या जवळ आल्या. मग काही कोणी कोणाचं राहिलं नाही. व्यंकटरावाला दोघांनी धरलं, बाकीचे काठाकाठानं वरच्या अंगाला पळत सुटले, कुऱ्हाडी चिखलात टाकून. त्यातले अकरा दुसऱ्या दिवशी पोलिसांनी धरले. आठव्या दिवशी सुटून आले, तेव्हा गावात त्यांना पेढे वाटले. हेही लिहून ठेवलं पाहिजे.

सुट्टी संपून कामावर गेलेला सिताराम पूर्णेहून चिखल तुडवत आला तेव्हा वाडा विझत आला होता. पूर्णेचा रस्ता गंगेच्या फुगवट्यानं चढलेल्या ओढ्यानं तोडलेला, गाडी जाणं शक्य नव्हतं. आईला जगवायचं तर गंगा उतरून पालमचा दवाखाना गाठायचा, दुसरी वाट नव्हती. त्यानं आणि त्याच्या चुलतभावानं तिला बाजेवर घालून थडीला आणलं. भाऊ बाज ठेवून पोराबाळांकडं परत पळाला.

टाकळीचे गडी आगीकडंच धावले होते; नावेत चंद्रभान एकटा, फुटका हात छातीशी धरून बसला होता.

सितारामनं बाज आत सरकवली. मग इंजनापाशी गेला, खोक्याच्या भोकांतली पोती बघितली, पत्र्याची रिकामी जागा बघितली, सायलेन्सरला चिकटवलेली नळी बघितली. काय झालं ते त्याला तिथंच कळलं. त्यानं नळी हातानं सरळ केली. इंजन आता निवलं होतं. त्याच्या हाताखाली ते पहिल्याच फेऱ्यात चालू झालं. त्या इंजनाला सितारामचा हात पहिल्यांदाच लागला होता, आणि अडवायला कोणी नव्हतं.

धारेला लागल्यावर सगुणाबाई पाणी पाणी म्हणाली. चंद्रभाननं डाव्या हातानं कमरेचा हिरवा पदर काढला, गंगेत भिजवला आणि तिच्या पायांवर पसरला. मग त्याच हाताच्या तळव्यातून तिच्या तोंडात पाणी सोडलं. तिचे ओठ त्याच्या बोटांना लागले. ती त्याच्याकडं बघत होती, पण ओळखत होती की नाही, कळलं नाही.

सिताराम सुकाणूवरून म्हणाला, "येताना बंद पाडलंस."

आजवर त्यानं चंद्रभानला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"व्हय."

"आन जाताना?"

चंद्रभान म्हणाला, "जाताना इंजन गार व्हतं, सिताराम. गार इंजनात वाफ धरत न्हाई."

खरं होतं ते. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

 नाव आमच्या थडीला आली. तेव्हा सिताराम वाकला आणि टाकीची चावी अंगठ्यानं फिरवली. इंजन थोडा वेळ चाललं, अडखळलं, आणि दोन मिनिटांच्या आत गप झालं. चंद्रभाननं मान खाली घातली, ती पुढं कितीतरी वर्षं माणसांत बसला तरी वर केली नाही.

सितारामनं बाजेचं पुढचं टोक धरलं आणि मागचं धरायला कोणी येतं का म्हणून काठाकडं पाहिलं. काठावर आम्ही चाळीसेक जण उभे होतो. कोणाच्या हातात धूर बघायला आणलेली पोरं होती, कोणाच्या काखोटीला छत्री. म्हातारीचा श्वास आम्हाला ऐकू येत होता. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

सरजाबाई पाण्यात उतरली. पदर फाडलेलं तेच लुगडं नेसली होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. बाजेचं मागचं टोक उचललं आणि सितारामला म्हणाली, "चल भाऊ."

पालमच्या वाटेला, माळावरच्या बाभळीपाशी, सगुणाबाई गेली. बाज तिथून कोणी उचलली, तर त्याच दोघांनी.